सत्तावन्न जणांचे तळपाय

लातूरला रेणापूर नाक्याच्या मागच्या गल्लीत महामाया धुतराज राहते. गल्ली तिला दोन गोष्टींवरून ओळखते. ती दवाखान्यात लोकांच्या तळपायांना दोरा लावते ही एक, आणि नवरा जिवंत असताना तिच्या हातात काकण नव्हतं ही दुसरी. पहिल्या गोष्टीत गल्लीला फारसा रस नाही. दुसरीवर मात्र नळावर महिनेच्या महिने चर्चा झाली, आणि त्या चर्चेतल्या एकाही बाईने महामायाला सरळ विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. कुणीतरी विचारावं म्हणून ती कळशी भरल्यावरसुद्धा थोडी रेंगाळायची.

बाई बावन्न वर्षांची. तिच्या उमेदीची वीस वर्षं एका ट्रस्टच्या दवाखान्यात जखमा धुण्यात आणि बांधण्यात गेली. मुलगा सुगत पुण्यात कंपनीत आहे. रविवारी फोन करतो, जेवणाचं विचारतो, पप्पांचं विचारतो आणि मीटिंग आहे म्हणून ठेवतो. रविवारी कसली मीटिंग असते हे तिने कधी विचारलं नाही. नवरा केरबा नाक्यावर पंक्चरचं दुकान चालवतो. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, हवेचं मशीन, पाण्याचं घमेलं आणि जुन्या टायरांचा ढीग. ट्रकच्या टायरात घुसलेली केसाएवढी तार तो डोळे मिटून बोटाने चाचपून काढतो, असं ड्रायव्हर लोक सांगतात. ते खरंच आहे.

तीन वर्षांपूर्वी त्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टर दीपमाला मॅडम यांनी एक अभ्यास सुरू केला. साखरेच्या आजारात पायाच्या नसा हळूहळू मरतात. ठणका लागतो तोवर माणूस दवाखान्यात येतो; ठणका थांबला की बरं झालं समजून घरी बसतो. खरं तर तेव्हाच पाय बधिर झालेला असतो. मग काचेवर पाय पडतो, चटका बसतो, चप्पल चावते, त्याला पत्ताच नसतो. महामायाने अशा जखमा वीस वर्षं बांधल्या होत्या. एका माणसाच्या टाचेतून तिने बाटलीचं फुटकं बूड काढलं होतं, आणि ते कधी घुसलं हे त्याला आठवत नव्हतं.

ही बधिरता पकडायला करंटचं मशीन असतं, पण ते शहरात. खेड्यातल्या उपकेंद्रात मशीन कुठून येणार? तिथे नायलॉनचा एक जाड दोरा चालेल का, एवढाच अभ्यासाचा प्रश्न होता. दोरा एका मुठीत बसवलेला असतो. पेशंटने डोळे मिटायचे. दोरा वाकेपर्यंत तळपायावर टेकवायचा आणि लागलं की त्याने 'हाव' म्हणायचं. एकेका पायावर दहा जागा. ज्यांना लागत नाही त्यांना औषध, व्यायाम, मऊ तळव्याच्या चपला, दर महिन्याला तपासणी. ज्यांना लागतं ते मोकळे. मशीनवर मात्र न लागणारे सगळे आणि लागणाऱ्यांतला दर पाचवा माणूस पाठवायचा, ताळा पाहायला. दोऱ्याचं काम मॅडमनी महामायाला दिलं.

तिचे वडील असते तर त्यांनी हे काम करू दिलं असतं का, हा प्रश्न तिला पहिल्या दिवशी पडला. छप्पनच्या धर्मांतराआधीच्या दिवसांच्या गोष्टी ते सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, आपण लोकांचे पाय धरणं सोडलं ते कायमचं. आणि इथे तर कामच पाय धरण्याचं. पण अंगात पांढरा कोट होता, हातात मुठीचा दोरा होता आणि समोरचा माणूस पाटील असो की कुणी, डोळे मिटून तिच्या पुढच्या हुकमाची वाट पाहत बसायचा. हे वडिलांनाही चाललं असतं असं तिने ठरवून टाकलं.

हात बसावा म्हणून ती घरी सराव करायची. सरावाला पाय हवेत, आणि घरात पाय केरबाचे. संध्याकाळी तो आंघोळ करून खाटेवर पाय पसरायचा, ती त्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि तो डोळे मिटून 'हाव, हाव' म्हणत राहायचा. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर एकमेकांना हात लावायला निमित्त लागतं, आणि हे निमित्त तर दवाखान्याने दिलेलं. केरबालाही नऊ वर्षांपासून साखर होती, त्यामुळे दहापैकी दहा ऐकून तिला मनातून फार बरं वाटायचं. तिच्या हातात तेव्हा हिरवी काचेची काकणं असायची, डझनभर. केरबा दरवर्षी स्वतः तिला गंजगोलाईतल्या कासाराकडे घेऊन जायचा आणि रंग स्वतः निवडायचा. रंग दरवर्षी हिरवाच निघायचा.

अभ्यासाचे नियम कडक होते. दोऱ्याने पायावर काय सांगितलं ते मशीनवालीला कळायला नको आणि मशीनने काय दाखवलं ते दोरेवालीला कळायला नको. मशीनवर शिवांगी नावाची तरुण टेक्निशियन होती, आनंदी स्वभावाची. एका भिंतीपलीकडे बसूनही दोघींनी पेशंटबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि बोलता बोलता निघून जाऊ नये म्हणून डबासुद्धा वेगवेगळ्या वेळी खायचा. पेशंटशी गप्पा बंद. वाऱ्याने दोरा हलतो म्हणून पंखाही बंद. लातूरचा एप्रिल, दार लावलेली खोली, आणि महामाया दिवसभर डोळे मिटलेल्या माणसांसमोर बसलेली. इतकं गप्प बसायची तिला सवय नव्हती. पण काम महत्त्वाचं आहे हे तिला मनापासून पटलं होतं.

तीन महिन्यांनी उदगीरच्या मोंढ्यातला एक मापाडी आला, गुरुपादप्पा नावाचा. जन्मभर धान्य मोजलेला, अतिशय अदबीचा माणूस. कर्नाटकाच्या हद्दीवरचा, म्हणून 'हाव'ऐवजी 'हौदु' म्हणायचा. डावा पाय छान झाला, दहापैकी दहा. उजव्या पायाच्या चौथ्या जागेवर जाताना दोरा मुठीसकट हातातून निसटून फरशीवर पडला. महामायाचा हात मात्र सवयीने पुढे गेला.

"हौदु," गुरुपादप्पा म्हणाला.

ती थांबली. मग रिकामा हात तिने हवेतच थोडा हलवला. काकणं वाजली. गुरुपादप्पा परत म्हणाला, हौदु. तिने आणखी दोनदा हलवला आणि दोनदा तेच उत्तर आलं. मग तिने डाव्या हाताने उजव्या हातातली सगळी काकणं कोपराकडे सरकवून घट्ट धरली आणि दोरा उचलून त्याच्या अंगठ्यावर, चवड्यावर, टाचेवर वाकेपर्यंत दाबला. गुरुपादप्पा डोळे मिटून शांत बसून होता.

तिने त्याला डोळे उघडायला सांगितले आणि मघा काय लागलं म्हणून विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही.

"काकणं वाजली की म्हणायचं न्हाई का ताई?" तो म्हणाला. "तुम्हीच म्हणलात, मी हात लावला की सांगा. बाईचा हात काकणाबिगर कसा लागंल?"

तो फसवत नव्हता. खोली शांत, डोळे मिटलेले, त्यात ताईंचा मान राखायचा. ज्या अर्थी काकणं वाजली त्या अर्थी हात लागला, आणि लागला तर सांगायला हवं. आपल्याकडचा कुठलाही भला माणूस हेच करेल. पंखा चालू असता तर कदाचित वाजलेलं ऐकूही आलं नसतं.

त्या तीन महिन्यांत तिने ब्याऐंशी जण तपासले होते. त्यातल्या सत्तावन्न जणांपुढे 'संवेदना आहे' असं लिहून तिने त्यांना घरी पाठवलं होतं.

दोन दिवस ती कुणाशी काही बोलली नाही. गुपचूप काकणं काढायची आणि पुढचं काम नीट करायचं, हा मार्ग मोकळा होता. मशीनचे आकडे बंद पाकिटात होते, ते दोन वर्षांनी उघडणार, तोवर कोण विचारतंय? पण डोळे मिटले की तिला ते बाटलीचं बूड दिसायचं. सत्तावन्न माणसं आपण धडधाकट आहोत असं समजून कुठे कुठे अनवाणी फिरत होती, आणि तसं त्यांना तिने सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. "पहिल्या दिवशीच सांगायचं होतं ताई," एवढंच म्हणाल्या आणि कागद पुढे ओढला. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी नोंदी बाद झाल्या. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला पत्र गेलं. बाद झालेल्यांना परत बोलावून तपासायचं, त्यात सगळ्यांत आधी घरी पाठवलेले ते सत्तावन्न जण, असं ठरलं. महामायाला कामावरून काढलं नाही, पण शिवांगीची तीन महिन्यांची मेहनतही त्याच कागदाबरोबर गेली होती. डबा वेगळा खाण्याचा नियम आधीपासून होताच; आता शिवांगीला तो नियम आवडू लागला. व्हरांड्यात समोर आली की ती मोबाइलमध्ये बघायची.

काचेची काकणं रोज काढता-घालता येत नाहीत. कासार हात दाबून दाबून चढवतो, ती वर्षभर राहतात. महामायाने साबण लावून एकेक उतरवलं. चार फुटली, मनगट खरचटलं. मोकळ्या हातांनी ती घरी गेली तेव्हा केरबा दारातच बसला होता.

त्याने हातांकडे पाहिलं. "मी जित्ता हाय का मेलो, ते आधी सांग," तो म्हणाला.

ती म्हणाली, कामाचं हाय. आपली चूक झाली, माणसं शोधायची आहेत, हे तिने सांगितलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा दवाखान्याने मोठं काम दिलं म्हणून हाच माणूस गल्लीभर सांगत फिरला होता, त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? केरबानेही पुन्हा विचारलं नाही. त्याने खाट बाहेर पडवीत घेतली. सकाळी चहा, संध्याकाळी भाकरी, मध्ये शब्द नाही. पाय मांडीवर घेण्याचा तर प्रश्नच मिटला. सरावाची आता गरजही नव्हती.

दवाखान्यात गप्प आणि घरात गप्प. त्या दिवसांत ती एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशी उतरेपर्यंत बोलायची. तिकिटाचं, उन्हाचं, मिळेल त्याचं. चार माणसांच्या जगात राहून बाई इतकी एकटी पडू शकते, हे तिला स्वतःलाच खरं वाटत नसे.

फोन लागलेले एकेचाळीस जण दवाखान्यात आले. त्यातले सतरा बधिर निघाले. एकाच्या करंगळीला आधीच जखम होती, पण वेळेत सापडली. उरलेल्या सोळा जणांकडे महामाया स्वतः निघाली. मॅडमनी तसं सांगितलं नव्हतं, अडवलंही नाही. रेणापूर, चाकूर, अहमदपूर, उदगीर, दर सुट्टीला एक गाव. पिशवीत दोरा, वही, पाण्याची बाटली. ओट्यावर माणूस बसवायचा, आजूबाजूची पोरं हाकलायची, डोळे मिटायला लावायचे. प्रत्येक नावापुढे बरोबर उत्तर लिहिलं की तिला आतून सुटल्यासारखं व्हायचं. केरबाचं नाव त्या यादीत नव्हतं. त्यामुळे त्याची आठवण तिला झाली नाही. गोष्ट इतकी साधी आहे, आणि ती स्वतःला आजही त्याबद्दल माफ करू शकलेली नाही.

शेवटचं नाव चतुराबाईंचं. लातूरला लेकीकडे आल्या असताना तपासून गेलेल्या, राहणाऱ्या पार इस्लापूरच्या. फोन नाही. महामाया शनिवारी नांदेडला मावसबहिणीकडे पोचली आणि रविवारी सकाळी भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरला उतरली. चतुराबाई हळद वाळत घातलेल्या अंगणात बसल्या होत्या. पंच्याहत्तरीची खाऊनपिऊन सुखी म्हातारी. पाय पुढे करायला तयार होईना; दवाखान्याची गोष्ट वेगळी, घरी आलेल्या पाहुणीला पाय कसा लावायचा म्हणे. शेवटी तिला डोळे मिटायला लावले. पहिल्याच टेकणीला म्हातारी 'हाव' म्हणून खुदकन हसली. गुदगुल्या होत होत्या. दोन्ही पाय, दहापैकी दहा, खरेखुरे. गेलं नसतं तरी चाललं असतं अशी ही बाई, आणि तिच्यासाठीच सगळ्यांत लांबचा प्रवास.

चहा घेताना म्हातारीने तिच्या मनगटांकडे पाहिलं. "मालक कवा गेले गं माय?"

महामाया दमली होती. काकणं, दोरा, पंखा, गुरुपादप्पा, सगळं पहिल्यापासून सांगायचं तिच्या जिवावर आलं. ती गप्प बसली. म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि महामायाने तो फिरवू दिला. कितीतरी महिन्यांनी तिच्या अंगावर कुणाचा तरी मायेचा हात पडला होता.

परतीच्या गाडीत मात्र तिला ते सोसेना. हात फिरवून घ्यायला आपण जित्या माणसाला मारलं, हे डोक्यातून जाईना. नांदेडला मुक्काम करून सोमवारी सकाळी ती लातूरला उतरली, ती आज केरबाला सगळं सांगायचं असं ठरवूनच. घरी कुलूप होतं. तिने दार उघडलं. पडवीपासून मोरीपर्यंत फरशीवर तपकिरी ठिपके पडले होते, एका पावलाच्या अंतराने एक. तिने मोजायच्या आतच ओळखले. वीस वर्षं तिने दुसरं काय पाहिलं होतं?

पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती नाक्यावर गेली. केरबा टायर उलटं करून त्यावर बसला होता, घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत. तिने न बोलता त्याच्या उजव्या पायातली चप्पल काढली. टायरमधल्या पोलादी तारेचा बोटभर तुकडा चपलेच्या तळातून आत शिरला होता आणि चवड्यात घुसला होता. कडा पांढऱ्या पडल्या होत्या. तार कालची नव्हती.

"दुखत न्हाई का?" तिने विचारलं.

केरबाने वाकून पाहिलं. त्याचा चेहरा खरोखरच चकित झाला. "काय हाय तिथं?"

तिने त्याच्याच पक्कडीने तार ओढून काढली. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, पायाकडे नाही. तिने पाणी ओतून जखम धुतली आणि रुमाल बांधला. मग डावा पाय मांडीवर घेतला, पिशवीतून दोरा काढला आणि त्याला डोळे मिटायला सांगितले. पहिल्यांदा शिकवलं होतं तसंच. नाक्यावरून ट्रक जात होते. अंगठा. मधलं बोट. करंगळी. चवड्याच्या चार जागा. मधला खोलगट भाग, दोन्ही बाजूंनी. टाच. प्रत्येक जागी दोरा वाकला. दहाव्या जागेनंतर तिचा हात थांबला तेव्हा केरबा डोळे मिटलेलाच होता.

"सुरू कर की," तो म्हणाला.

तिला तिथेच, रस्त्यावर, ग्रीसच्या डबड्यांत बसून रडू फुटलं. केरबाने डोळे उघडले, आणि काय झालं ते विचारलं. तेव्हा तिने सगळं सांगितलं, काकणांपासून चतुराबाईंपर्यंत, त्याला मेलेला ठरवला तेसुद्धा. तो ऐकत राहिला. एक मोटरसायकलवाला हवा भरायला आला आणि बघून निघून गेला.

जखम भरायला तीन महिने लागले आणि एक बोट गेलं. पाय वाचला. कर्मचाऱ्याचा नातेवाईक म्हणून अभ्यासात त्याचं नाव बसत नाही. मॅडम त्याला वेगळं तपासतात. तो मऊ तळव्याच्या चपला घालतो, साखरेच्या गोळ्या चुकवत नाही, आणि रोज सकाळी महामाया त्याच्या चपलांत हात घालून आतून चाचपते. खाट घरात आली. ड्रेसिंगसाठी पाय पुन्हा रोज तिच्या मांडीवर येऊ लागला.

जखम भरत आली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी ती पट्टी बदलत होती आणि केरबा आढ्याकडे बघत पडला होता. झालं का, असं त्याने दोनतीनदा विचारलं, आणि प्रत्येक वेळी ती म्हणाली, चालू हाय.

"घरात तरी काकणं घालत जा," तो म्हणाला. "तू पायापाशी हायस का उठून गेलीस, मला कळंना झालंय."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गंजगोलाईत गेली आणि एक माप मोठी काकणं घेऊन आली, सहज निघतील अशी. इतका साधा उपाय एवढे महिने दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. सकाळी कामाला जाताना ती काकणं काढून भांड्यांच्या मांडणीवर ठेवते. संध्याकाळी आली की आधी ती घालते, मग केरबाचा पाय मांडीवर घेते आणि तळव्यावरून हात फिरवते. काकणं वाजतात, आणि केरबा डोळे मिटून म्हणतो, हाव.